शीतयंत्रांतील हवा आणि पाणी कसे काढतात

लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे उघड्या पातेल्यात डाळ शिजत ठेवली, तर पाणी खळखळा उकळते, पण डाळ लवकर मऊ होत नाही. तेथे हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४९० मिलिमीटर इतकाच असतो आणि त्यामुळे पाणी ८८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागते. पाण्यावरील दाब जितका कमी, तितके ते कमी तापमानावर उकळते, हा निसर्गाचा नियम आहे. लेहच्या गृहिणीला जो नियम अडचणीत टाकतो, त्याच नियमाच्या साहाय्याने मोठमोठ्या शीतगृहांची आणि वातानुकूलित इमारतींची यंत्रे कामास योग्य केली जातात. ती कशी, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रशीतन आणि पोकळी यांचे जुने नाते

सतराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील मॅग्डेबर्ग नगरीचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने हवा उपसून काढणारा पंप बनविला. धातूचे दोन अर्धगोल एकमेकांस जुळवून त्यांतील हवा त्याने काढून टाकली, तेव्हा दोन्ही बाजूंना घोडे जुंपूनही ते अर्धगोल विलग होईनात. हा प्रयोग पुष्कळांच्या परिचयाचा आहे. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १७५५ च्या सुमारास, स्कॉटलंडमधील वैद्य व अध्यापक विल्यम कलन याने अशाच पंपाने ईथरवरील हवेचा दाब कमी केला. ईथर झपाट्याने उकळू लागले, उकळण्यासाठी लागणारी उष्णता त्याने भोवतालच्या पाण्यातून ओढून घेतली आणि त्या पाण्याचे बर्फ झाले. मानवाने यंत्राच्या साहाय्याने निर्माण केलेल्या शीताचा हा आरंभ होय. म्हणजे पहिले शीतयंत्र हा वस्तुतः एक निर्वात-पंपच होता.

‘निर्वात’ या शब्दाविषयी येथे थोडा खुलासा करणे इष्ट आहे. जुन्या वाङ्मयात जेथे वारा नाही ती जागा निर्वात. शास्त्रात मात्र ज्या जागेतून हवा व इतर वायू शक्य तितके काढून टाकले आहेत, ती निर्वात. पूर्ण पोकळी कोणताही पंप निर्माण करू शकत नाही. म्हणून ‘किती निर्वात?’ हा प्रश्न नेहमीच विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते.

यंत्रात हवा राहिली तर काय होते?

आजच्या शीतयंत्रात प्रशीतक, म्हणजे कारागीर ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात तो पदार्थ, बंद नळ्यांतून अखंड फिरत असतो. बाष्पकात तो उकळतो आणि खोलीतील अथवा पाण्यातील उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो. कंडेन्सरमध्ये ती वाफ उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते, आणि प्रसरण-झडपेतून तो द्रव परत बाष्पकात येतो. या फेऱ्यात प्रशीतक आणि वंगणाचे तेल यांखेरीज तिसऱ्या कशालाही स्थान नाही.

परंतु यंत्र नव्याने उभारले जाते तेव्हा त्याच्या नळ्यांत हवा असतेच. ही हवा प्रशीतकाबरोबर कंडेन्सरपर्यंत जाते; पण तेथील दाबाने व तापमानाने तिचा द्रव होत नाही, म्हणून ती तेथेच साचून राहते. प्रशीतकाच्या दाबात तिचा स्वतःचा दाब मिळतो. कॉम्प्रेसरला अधिक दाबाविरुद्ध काम करावे लागते, विजेचा खर्च वाढतो, बाहेर पडणारी वाफ वाजवीपेक्षा अधिक तापते आणि तेल करपू लागते. यंत्र बंद पडत नाही, हीच खरी अडचण. ते वर्षानुवर्षे चालते, पण अधिक वीज खाऊन कमी थंडावा देते.

पाण्याचा उपद्रव याहून गंभीर आहे. प्रसरण-झडपेच्या बारीक छिद्राशी तापमान एकदम उतरते आणि तेथे पाण्याचा कण गोठून मार्ग अडवितो. यंत्र थांबविले की बर्फ वितळते, सुरू केले की पुन्हा साचते; कारागीर झडपेला दोष देत राहतो. शिवाय क्लोरिन अथवा फ्लुओरिन असलेले प्रशीतक, पाणी आणि उष्णता यांच्या संयोगाने आम्ले निर्माण होतात. ही आम्ले तांब्याच्या नळ्यांतील तांबे विरघळवून ते कॉम्प्रेसरच्या पोलादी भागांवर चढवितात आणि बंदिस्त कॉम्प्रेसरमधील विद्युत् मोटरच्या वेटोळ्यांचे आवरण कुरतडतात. एखादे दिवशी मोटर जळते, तेव्हा कित्येक महिन्यांपूर्वी नळ्यांत राहून गेलेल्या पाण्याची आठवण कोणालाही होत नाही.

१९९० नंतर क्लोरिनविरहित प्रशीतके प्रचारात आली आणि त्यांच्याबरोबर एस्टर वर्गातील तेले आली. ही तेले हवेतील ओलावा फार लवकर शोषतात आणि एकदा शोषलेले पाणी पंपाने त्यांतून काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून अशा तेलाचा डबा उघडा ठेवणे हा मोठा अपराध समजला जातो. भिजलेले तेल बदलावयाचे असते, वाळवावयाचे नसते.

पाण्याला उकळवून बाहेर काढणे

नळ्यांच्या शेकडो मीटर जाळ्यात कोठे तरी पाण्याचे थेंब आहेत. तेथवर हात पोहोचत नाही, फडके पोहोचत नाही. ते पाणी काढण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे त्याची वाफ करून ती ओढून घेणे. ९८ अंशांचा किंवा १०० अंशांचा ताप सर्व नळ्यांना देणे शक्य नाही. म्हणून दाबच इतका उतरवावयाचा की भोवतालच्या हवेच्या तापमानावर पाणी उकळावे.

यासाठी दाब किती उतरवावा लागतो? समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर धरतात. ३० अंश तापमानाला पाणी उकळण्यासाठी तो सुमारे ३२ मिलिमीटरवर आणावा लागतो, २० अंशांना साडेसतरा मिलिमीटरवर, १० अंशांना सुमारे नऊ मिलिमीटरवर आणि शून्य अंशाला सुमारे साडेचार मिलिमीटरवर. यावरून दिसून येईल की, दाब ५० मिलिमीटरवर उतरला असता काट्याच्या मापकावर ‘जवळजवळ पूर्ण निर्वात’ असे दिसते, पण ३० अंश तापमानाच्या नळीतील पाणी अद्याप तसेच पडून असते. शेवटचे काही मिलिमीटरच महत्त्वाचे असतात. म्हणून या कामात मिलिमीटर हे एकक अपुरे पडते आणि त्याचा हजारावा भाग, म्हणजे मायक्रॉन, वापरतात. मोठ्या यंत्रांसाठी सामान्यतः ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर, अथवा त्याहून कमी दाब गाठावा, असा संकेत आहे.

एक हिशेब

समजा, एका इमारतीच्या वातानुकूलन यंत्राचे अंतर्गत घनफळ दोन घनमीटर आहे, आणि ताशी वीस घनमीटर ओढणारा पंप त्यास जोडला आहे. नळ्या अगदी कोरड्या असतील आणि जोडनळीचा अडथळा नसेल, तर दाब दरवेळी एकदशांश होण्यास सुमारे चौदा मिनिटे लागतील. ७६० पासून ७६, ७६ पासून ७.६, ७.६ पासून ०.७६ आणि तेथून अर्धा मिलिमीटर, असा हा उतार आहे. सर्व मिळून पाऊण तासाच्या आत काम संपावे.

आता त्याच नळ्यांत एक लिटर पाणी आहे असे धरू. पावसाळ्यात नळ्यांची तोंडे उघडी राहिली, तर एवढे पाणी साचणे मुळीच अवघड नाही. २० अंश तापमानाला या एक लिटर पाण्याची वाफ सुमारे ५८ घनमीटर जागा व्यापते. ती ओढून घेण्यास आपल्या पंपाला जवळजवळ तीन तास लागतील. म्हणजे ज्या यंत्रातील सगळी हवा पाऊण तासात जाते, तेथील एक लिटर पाणी जाण्यास तिप्पट-चौपट वेळ लागतो. हाही झाला पाणी २० अंशांवरच राहिल्यासचा हिशेब. प्रत्यक्षात ते राहत नाही.

पंपानेच केलेले बर्फ

पाण्याची वाफ होताना पुष्कळ उष्णता लागते, हे आपण कलनच्या प्रयोगात पाहिलेच. ही उष्णता पाणी प्रथम स्वतःतूनच घेते. बाहेरून उष्णता मिळाली नाही, तर २० अंशांवरील एक लिटर पाण्यापैकी जेमतेम दीडशे ग्रॅम वाफ होऊन जाताच उरलेले सर्व पाणी गोठू शकते. पंप जितका जोरकस, तितका हा धोका अधिक.

बर्फाचीही वाफ होतेच, पण फार मंद गतीने. शून्य अंशाला एक किलो पाण्याची वाफ सुमारे २०६ घनमीटर जागा व्यापते. आपला पंप ती दहा तासांत ओढील. बर्फ आणखी थंड होऊन उणे २० अंशांवर गेले, तर तीच वाफ १,१०० घनमीटरांहून अधिक जागा व्यापते. तेवढ्यासाठी ५६ तास, म्हणजे दोन दिवसांहून अधिक काळ, पंप अखंड चालावा लागेल. पंप तोच, नळ्या त्याच आणि पाणीही तेवढेच. केवळ उष्णता न दिल्यामुळे तीन तासांचे काम दोन दिवसांवर गेले.

म्हणून जाणते कारागीर यंत्राला ऊब देतात. नळ्यांच्या सखल भागांशी, जेथे पाणी साचण्याचा संभव असतो तेथे, उष्ण प्रकाशाचे दिवे लावतात, गरम पाण्यात भिजविलेली फडकी गुंडाळतात, किंवा गरम हवेचा झोत सोडतात. उघडी ज्योत वापरीत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे कोरडा नायट्रोजन. दाब एक-दीड मिलिमीटरवर आला की पंप अलग करून यंत्रात कोरडा नायट्रोजन सोडावयाचा, काही वेळ थांबावयाचे आणि पुन्हा उपसावयाचे. पोकळीतून उष्णता सहज वाहत नाही. नायट्रोजन आत गेला की नळीच्या भिंतीची ऊब बर्फापर्यंत पोहोचते आणि ते वितळते. शिवाय राहिलेली हवा दरवेळी सुमारे पाचशेपटीने विरळ होत जाते. असे तीनदा करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. गळती तपासण्यासाठी दाब भरावयाचा तोही नायट्रोजनचाच. ऑक्सिजन कधीही नाही, कारण दाबाखालील ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो आणि अशा स्फोटांत माणसे प्राणास मुकली आहेत.

बारीक नळीचा अडथळा

पुष्कळांना वाटते की, काम लवकर व्हावयाचे तर मोठा पंप आणावा. हे अर्धे खरे आहे. पंप कितीही मोठा असला, तरी तो ज्या नळीतून ओढतो ती बोटाएवढी बारीक असेल, तर त्याचा मोठेपणा वाया जातो. सरळ वाहत्या वायूसाठी नळीचा व्यास दुप्पट केला की तिची वहनक्षमता सोळापट होते. वायू अतिशय विरळ झाल्यावरही ती आठपट राहते. लांबी निम्मी केली, तर क्षमता दुप्पट होते. म्हणून आखूड आणि रुंद नळी वापरावी, भरण-तोंडांतील स्प्रिंगच्या बारीक झडपा तेवढ्यापुरत्या काढून ठेवाव्यात, आणि यंत्राच्या उच्च व नीच दाबाच्या दोन्ही बाजूंनी उपसावे. मधल्या सर्व झडपा, विजेवर उघडणाऱ्या झडपांसह, उघड्या आहेत ना, हेही पाहावे. एक झडप बंद राहिली, तर तिच्यापलीकडील भाग हवेने भरलेलाच राहतो आणि मापक मात्र उत्तम आकडा दाखवितो.

पंपाची निगा

या कामी सामान्यतः तेलात फिरणाऱ्या पात्यांचा दोन टप्प्यांचा पंप वापरतात. यंत्रातून ओढलेली वाफ पंपात दाबली गेली की तिचे पुन्हा पाणी होते, ते तेलात मिसळते आणि तेल दुधासारखे पांढरे दिसू लागते. असे तेल स्वतःच वाफ सोडते व पंपाला खोल निर्वात गाठू देत नाही. या अडचणीवर जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग गेडे याने १९३५ मध्ये तोड काढली. दाबल्या जाणाऱ्या वाफेत बाहेरची थोडी हवा मुद्दाम सोडावयाची, म्हणजे वाफेचे पाणी होण्यापूर्वीच झडप उघडते आणि वाफ हवेबरोबर बाहेर पडते. आरंभी ही हवेची चकती उघडी ठेवावी, ओल कमी झाल्यावर बंद करावी. ओल्या यंत्रावर काम असेल, तर तेल एकदाच नव्हे, अनेकदा बदलावे लागते.

आपल्याकडे आणखी एक दक्षता आवश्यक आहे. काम चालू असता वीज गेली, तर निर्वात यंत्र पंपातील तेल उलट ओढून घेऊ शकते. पंपाच्या तोंडाशी वीज जाताच आपोआप मिटणारी झडप असावी; नसेल, तर रात्रपाळीच्या माणसाने पंपाजवळून हलता कामा नये. पंप थांबवितानाही आधी झडप मिटावयाची आणि मग कळ दाबावयाची.

मापन आणि प्रतीक्षा

साध्या काट्याच्या मापकाला दहा मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर यांतील भेद कळत नाही. शिवाय तो बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा सांगतो. महाबळेश्वरी हवेचा दाबच सुमारे ६४५ मिलिमीटर असल्याने तेथे ७६० चा आकडा दिसण्याची वाट पाहणारा कारागीर जन्मभर वाट पाहील. म्हणून विजेवर चालणारा स्वतंत्र निर्वातमापक हवा. अशा मापकांपैकी एकाचे तत्त्व मार्चेलो पिरानी याने १९०६ मध्ये मांडले. तापलेल्या तारेभोवतीचा वायू जितका विरळ, तितकी तारेतून कमी उष्णता निघून जाते. तारेच्या स्थितीवरून दाब कळतो. हा मापक पंपाजवळ लावू नये. पंपाजवळचा दाब नेहमीच कमी असतो. यंत्राच्या दूरच्या टोकाशी काय आहे, ते पाहावयाचे असते.

अपेक्षित आकडा आला म्हणजे काम संपले असे नाही. पंप अलग करून थांबावयाचे, आणि मोठ्या यंत्राच्या बाबतीत कित्येक तास थांबावयाचे. आकडा जवळजवळ स्थिर राहिला, तर यंत्र कोरडे आणि घट्ट आहे. तो काही प्रमाणात चढून एका जागी थांबला, तर आत अद्याप पाणी आहे, कारण पाण्याच्या वाफेला तापमानाने ठरविलेली मर्यादा असते. तो न थांबता चढतच राहिला, तर कोठे तरी गळती आहे, कारण बाहेरच्या हवेला अशी मर्यादा नसते. एका साध्या आकड्याच्या चालीवरून दोन निरनिराळे दोष ओळखता येतात.

या काळात कॉम्प्रेसर चुकूनही सुरू करू नये आणि त्याच्या मोटरच्या आवरणाची विद्युत् चाचणीही घेऊ नये. विरळ वायूतून विजेची ठिणगी सहज उडते आणि वेटोळी जळतात.

निरनिराळ्या यंत्रांचे निरनिराळे नियम

पाणी थंड करणाऱ्या मोठ्या यंत्रांत, ज्यांना चिलर म्हणतात, प्रशीतकाच्या भांड्यातून पाण्याच्या नळ्या जातात. नळ्यांतील पाणी स्थिर असता भांड्यातील दाब उतरविला आणि आत द्रव राहिलेला असला, तर ते पाणी गोठून नळ्या फुटतात. मग पाणी प्रशीतकात शिरते आणि लाखो रुपयांचे यंत्र निकामी होते. म्हणून नळ्यांतील पाणी एक तर पूर्ण काढून टाकावे, नाही तर फिरते ठेवावे. ऊबदार पाणी फिरविले, तर संरक्षण आणि उष्णता हे दोन्ही हेतू साधतात. शेवटी प्रशीतक भरतानाही प्रथम वाफच सोडावी. भांड्यातील दाब त्या प्रशीतकाच्या शून्य अंशाच्या दाबापलीकडे गेल्यावर मगच द्रव सोडावा.

उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमधील बटाट्याची अनेक शीतगृहे अमोनियावर चालतात. अमोनियात पाणी विरघळून जात असल्याने झडपेशी बर्फ साचत नाही. परंतु पाणी मिसळलेल्या अमोनियाची शीत देण्याची शक्ती घटते, आणि हवेतील ऑक्सिजन पोलादी टाक्यांना बारीक तडे पाडण्यास साहाय्य करतो. म्हणून तेथेही हवा काढणे आवश्यकच. लिथियम ब्रोमाइडच्या शोषण-यंत्रांत तर पाणी हेच प्रशीतक असते. सहा-सात मिलिमीटर दाबाला ते पाच अंशांच्या आसपास उकळते आणि इमारत थंड करते. अशा यंत्राला निर्वात ही पूर्वतयारी नसून जन्मभराची गरज असते.

जुनी सवय

एके काळी नळ्यांतील हवा घालविण्यासाठी थोडा प्रशीतकच आत सोडून तो दुसऱ्या टोकाने हवेसह बाहेर जाऊ देत. दुरुस्तीच्या वेळी जुना प्रशीतकही असाच आकाशात सोडला जाई. १९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी क्लोरिनयुक्त प्रशीतकांमुळे वातावरणातील ओझोनच्या थरास धोका असल्याचे दाखवून दिले. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, आणि २०१६ च्या किगाली येथील दुरुस्तीने तापमानवाढ घडविणारी नवी प्रशीतकेही त्याच्या कक्षेत आली. भारताने ही दुरुस्ती २०२१ मध्ये मान्य केली. आता जुना प्रशीतक आधी सिलिंडरमध्ये गोळा करावयाचा आणि त्यानंतरच पंप लावावयाचा, हाच क्रम योग्य होय.

कामाची साक्ष

निर्वात करण्याचे काम कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. नळ्या बाहेरून जशा होत्या तशाच राहतात. शीतगृहाचा मालक बटाट्याच्या गाड्या दाराशी उभ्या असल्याचे सांगतो, इमारतीचा कंत्राटदार उद्घाटनाची तारीख दाखवितो, आणि पंप सुरू असलेला प्रत्येक तास सर्वांना फुकट गेल्यासारखा वाटतो. पंप लवकर बंद केला, तरी त्या दिवशी यंत्र सुरू होतेच, खोली थंडही होते. नुकसान पुढे कधी तरी होते, आणि ते बहुधा दुसऱ्याच कोणाला सोसावे लागते. विजेचे बिल मालक भरतो. पण मोटर जळाली, तर कोठीतील माल शेतकऱ्याचा असतो आणि औषधकोठीतील लस तिची वाट पाहणाऱ्या बालकाची असते.

म्हणून एक साधी शिस्त पाळावी. पंप केव्हा लावला, दाब तासातासाला किती होता, नायट्रोजन किती वेळा भरला, अलग ठेवल्यावर आकडा कोठे थांबला, हे सर्व एका कागदावर लिहून तो कागद यंत्रापाशी ठेवावा. पुढे यंत्र उघडणाऱ्या अनोळखी कारागिराला आपल्या आधीच्याने काय केले, हे त्यावरून समजेल. न दिसणाऱ्या कामाची साक्ष अशी लेखीच राहू शकते.